फॉरवर्डला उत्तर का देत बसता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. विचारणारे सगळे घरचेच आहेत. शाळेतले मित्र, सुरतचे नातेवाईक, भावकीच्या ग्रुपवरची तरुण पोरं, आणि आता माझी मुलगीसुद्धा. "कोणी काहीही टाकलं की तुम्ही लगेच खाली लांबलचक उत्तर का लिहिता? बाकीचे बघतात आणि सोडून देतात. तुम्हालाच काय पडलंय?" काही जण पुढे जोडतात, "एवढा त्रास होत असेल तर ग्रुप सोडा ना."

आधी या दुसऱ्या प्रश्नाचं. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आमचा अंड्यांचा फार्म आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझा अर्धा धंदा फोनवर चालतो, हे कदाचित माहीत नसेल. एनईसीसी, म्हणजे अंडी उत्पादकांची देशपातळीवरची समिती, अंड्याचा रोजचा भाव जाहीर करते, तो मला फोनवर कळतो. सुरतचा व्यापारी उद्या किती पेट्या उचलणार, मका काय भावाने मिळतोय, सोयाबीनची पेंड कुठे परवडतेय, हे सगळं तिथेच ठरतं. पक्ष्याची विष्ठा वेगळी दिसली की फोटो काढून डॉक्टरांना पाठवतो, तासाभरात औषधाचं नाव येतं. वडिलांच्या काळात त्यासाठी दिवस मोडायचा.

आणि नुसता धंदाच कशाला. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. शेडमध्ये कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकतात आणि दुपारी तीनच्या सुमारास एकेक मान टाकायला लागते. एका उन्हाळ्यात मी हताश होऊन पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने लिहिलं: दुपारी खाद्य देऊच नका, पहाटे आणि रात्री द्या, जाळीला ओली पोती बांधा, आणि पाण्याचा पाइप आधी हात लावून बघा. मी पाइपला हात लावला. पोळला. पत्र्यालगत गेलेला काळा पाइप, त्यातलं पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं गरम, आणि गरम पाणी कोंबडी पीत नाही. पोती मी आधीपासूनच बांधत होतो, पण पाइपचं इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तो माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी माझ्या बहिणीच्या, आक्काच्या घरी, सुरतला, आमच्या खानदेशातली देवी कानबाई बसते. आईला गुडघ्यांमुळे आता प्रवास होत नाही. ती इथे फोनसमोर पाटावर बसून गाणी म्हणते आणि तिकडच्या बाया तिच्या मागे धरतात. आवाज मागेपुढे होतो, कडवं तुटतं, तरी आई थांबत नाही. हे मला ज्या फोनने दिलं तो फेकून दे म्हणणं सोपं आहे. मी फेकणार नाही.

आता उत्तरांचं.

1 जुलै 2018. आमच्या शेजारच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारी टोळी समजून पाच माणसांना ठेचून मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते ते. टोळीचे मेसेज त्याआधी आपल्या सगळ्यांच्या फोनवर आले होते. तुमच्याही आले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. तेव्हा मित्रांशी बोलताना मी एक मत मांडायचो: पत्रात वाईट लिहिलं म्हणून पोस्टमनला कोणी मारत नाही, मारणारे हात माणसांचे होते, त्यांच्याबद्दल बोला. हे मत आजही मला पूर्ण सोडवत नाही. हात माणसांचेच होते. पण पोस्टमन एक पत्र एका घरात टाकतो, आणि इथे पत्र घेणारा प्रत्येक जण पोस्टमन होतो. तो 2018 मधला मी यावर काय म्हणाला असता? "मग प्रत्येकाने विचार करून पाठवावं." बरोबर आहे. पण भ्यालेलं माणूस विचार करत नाही, आणि भ्यालेलं माणूस आपल्या घरातलंही असू शकतं.

ते मला मार्च 2020 मध्ये कळलं.

होळी होऊन गेली होती. कोंबडीतून कोरोना होतो हे फेब्रुवारीपासूनच फिरत होतं. त्याला कसलाही आधार नाही, असं पशुसंवर्धन खातं सांगत होतं, डॉक्टर सांगत होते, पण ते वाचतंय कोण. ब्रॉयलरवाल्यांचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्या पाळणाऱ्यांचं, आधीच कंबरडं मोडलं होतं. आमचं अंड्यांचं काम, म्हणून आम्ही थोडी आशा धरून होतो. मग सुरतच्या व्यापाऱ्याने पेट्या निम्म्या केल्या, आणि त्या आठवड्यात गाडीच पाठवली नाही.

लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीचं एक आहे, ती बाजार बघत नाही. रोज साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते आणि दिवसाआड नव्हे, जवळजवळ रोज अंडं देते. यंत्र बंद करतात तशी ती बंद करता येत नाही. एका ट्रेत 30 अंडी, सात ट्रेची एक पेटी. अंड्यांची खोली भरली, मग ओसरीवर ट्रे लागले, मग घरात. त्या संध्याकाळी मी आणि बायको पुढच्या खोलीत ट्रे एकावर एक रचत होतो. फोन वाजला. घरच्या ग्रुपवर आक्काने काही टाकलं होतं.

फोटो होता. कोंबडीचं तोंड, डोळ्यांभोवती आणि तुऱ्यावर काळ्या खपल्या. खाली हिंदीत लिहिलेलं, की कोरोना झालेल्या कोंबड्या बाजारात आल्या आहेत, चिकन-अंडी बंद करा, लेकरांना वाचवा, दहा जणांना पाठवा. शेवटी एका डॉक्टरचं नाव. आणि त्याखाली आक्काने स्वतः हात जोडलेले टाकले होते.

तो फोटो मी एका नजरेत ओळखला. तो कोंबड्यांचा देवीचा रोग होता, फाउल पॉक्स. पोल्ट्रीतला जुना रोग, डासांमुळे पसरतो, त्याची लस असते, आम्ही दर लॉटला टोचतो. माणसाला तो होत नाही. आक्काने लहानपणी अशा खपल्या आमच्या अंगणातल्या कोंबड्यांवर पाहिल्या होत्या, त्यांना हळद-तेल लावलं होतं. आणि तिचे दोन्ही मुलगे आमची अंडी खाऊन वाढले. नवापूरहून सुरतेला कोणीही निघालं की आम्ही त्याच्या हाती ट्रे द्यायचो.

मी फोन केला. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. ती आधी चिडली, आमच्या अहिराणीत. "तुनं नाव लिसन टाकं का मी? डॉक्टरनं नाव शे त्यामा." (तुझं नाव घेऊन टाकलं का मी? डॉक्टरचं नाव आहे त्यात.) मग आवाज खाली आला. "पोरे घरमा शेतस. माले भ्याव वाटना." मी तिला देवीचं सांगितलं, लसीचं सांगितलं, शिजवण्याचं सांगितलं. ती ऐकत होती. आणि मग तिने विचारलं, मग अंडी खायची की नाही?

सख्खी बहीण. माझ्या हातची अंडी. मी "खा" म्हटलं, ती "बरं" म्हणाली. आधी पाठवलेला ट्रे मात्र तिने उघडलाच नव्हता, हे भाच्याने नंतर सांगितलं.

तिने आमच्या ग्रुपवरून मेसेज काढला. पण तोवर तो तिच्या गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर गेला होता, भाच्याच्या क्लासच्या ग्रुपवर गेला होता. आक्काचं नाव बघून लोकांनी तो जास्तच खरा मानला असणार. हिचा भाऊ पोल्ट्रीवाला, हीच सांगतेय म्हणजे खरंच असेल. डॉक्टरच्या नावापेक्षा तिच्या नावाचं वजन जास्त होतं, आणि हे मला अजून सलतं.

त्या रात्री मी ग्रुपवर पहिल्यांदा लांब उत्तर लिहिलं. फोटो कशाचा, रोग कोणता, 70 अंशांच्या वर नीट शिजलेल्या मांसात किंवा अंड्यात फ्लूचा विषाणू टिकत नाही, सगळं. दाजींनी खाली लिहिलं, "घरचं ग्रुपवर नको." त्यानंतर कोणीच काही लिहिलं नाही. आठवडाभरात लॉकडाऊन लागला. पुढचे दिवस कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे: उत्पादन खर्चाच्या खाली विकलेली अंडी, कामावरच्या बायांच्या घरी वाटलेले ट्रे, बँकेचा हप्ता. एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. आमचं व्हायचं ते मार्चमध्ये होऊन गेलं होतं.

कोणी म्हणतं, अफवा काय पूर्वी नव्हत्या? होत्या. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरातच सापडला. पांढरे पोशाख घातलेली पथकं आली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्यानंतर नवापूरचं नाव ऐकूनच गिऱ्हाईक मागे सरायचं, आणि तेव्हा कोणाच्या हातात असे फोन नव्हते. हे मी मान्य करतो. पण तेव्हा रोग खरा होता. 2020 मध्ये आमच्या एकाही कोंबडीला तो नव्हता.

आणि फेब्रुवारी 2021 मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला, यावेळी खरा. एक किलोमीटरचा बाधित पट्टा ठरला, पक्षी मारणं सुरू झालं, वाहतूक थांबली. तेव्हा ग्रुपवर लोक काय लिहीत होते? "मागच्या वर्षीसारखीच अफवा, लक्ष देऊ नका." मला उलट उत्तरं लिहावी लागली: हे खरं आहे, पक्षी हलवू नका, मरतूक दिसली तर लपवू नका, दवाखान्यात कळवा. अफवेने एकदा नुकसान केलं ते केलंच, वर पुढच्या खऱ्या बातमीवरचा विश्वासही खाल्ला. म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. ग्रुपवर चाळीस माणसं असतात आणि खोट्याखाली कोणीच काही लिहीत नाही, तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यांना पटलंय.

माझी मुलगी यावर जे म्हणते त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. ती म्हणते, "पप्पा, तुम्ही उत्तर लिहिता म्हणून तो मेसेज पुन्हा वर येतो. ज्यांनी पाहिला नव्हता तेही वर जाऊन बघतात. शिवाय ज्याने टाकला त्याचा सगळ्यांसमोर अपमान होतो, मग तो हट्टाला पेटतो." हे खरं आहे. चुलत मेहुणे त्यापायी माझ्याशी बोलायचे बंद झालेत, त्यांनी टाकलेल्या एका औषधाच्या मेसेजखाली मी लिहिलं होतं. लग्नात समोर आले तरी मान वळवतात. मला त्याचं वाईट वाटतं. पण ते औषध त्यांच्या आईच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगत होतं. तिथे मी काय करायला हवं होतं, हे मला कोणीतरी सांगा.

मुलीचं ऐकून मी मधे काही दिवस फक्त फोन करून पाहिला. फोनवर माणूस पटकन ऐकतो, मेसेज काढतोही. पण त्याआधी ज्यांनी तो वाचला, त्यांना कोण सांगणार? आक्काच्या गल्लीतल्या बायकांना आजही कोणी सांगितलेलं नाही की तो फोटो देवीचा होता. म्हणून आता आधी फोन करतो, मग त्या माणसाचं नाव न घेता ग्रुपवर चार ओळी लिहितो. पूर्वी दहा-पंधरा लिहायचो. तुम्हाला त्याही जास्त वाटत असतील तर माझा नंबर म्यूट करा, मी राग धरणार नाही. लिहिणं मात्र चालू राहील.