गेली नाही, चुकलीही नाही

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. दिल्लीत दक्षिण आफ्रिकेनं श्रीलंकेला ४२८ धावा ठोकल्या होत्या, त्यामुळे ऑफिसातली झाडून सगळी मंडळी क्रिकेटच्या स्क्रीनकडे सरकली होती. रग्बीच्या मॉनिटरसमोर मी एकटा. फ्रान्समध्ये वर्ल्ड कप चालू होता. लीलचा इंग्लंड-सामोआ सामना आपल्याकडे रात्री सव्वानऊला सुरू झाला.

माझं काम म्हणजे सामना बघत एकेक घटना नोंदवायची: कोणी, कितव्या मिनिटाला, कुठून, काय केलं. "बसून मॅच बघायचे पैसे देतात?" असं आमचे बाबा अजूनही विचारतात.

त्या रात्री इंग्लंडचा किकर ओवेन फॅरेल इंग्लंडच्याच जुन्या किकरचा, जॉनी विल्किन्सनचा, गुणांचा विक्रम मोडणार हे दिसतच होतं, म्हणून मी मेसेज आधीच लिहून ठेवला: 'कसोटी रग्बीत सर्वाधिक गुण'. टीम लीडनं (आम्ही सगळे तिला ताई म्हणतो) तो वाचला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. जगात सर्वाधिक गुण न्यूझीलंडच्या डॅन कार्टरचे, १५९८. विल्किन्सनचेही आकडे दोन: इंग्लंडकडून ११७९, आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या संयुक्त संघाकडून केलेले ६७ धरले तर १२४६. फॅरेल मागे टाकणार होता तो ११७९ चा आकडा. 'इंग्लंडकडून' हा एक शब्द घातला आणि मेसेज सुटला.

इंग्लंडच्या चेसमच्या ट्रायनंतरचं (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय, ५ गुण) कन्व्हर्जन, म्हणजे २ गुणांची जोडकिक, हुकलं, पण पुढच्या पेनल्टीनं, म्हणजे ३ गुणांच्या किकनं, फॅरेलनं विक्रम मोडला. मी सोडून ऑफिसात कोणी मान वर केली नाही. किकर लोकांच्या नशिबी हेच. टाळ्या पडतात ट्रायवाल्यांना, पण गुणांच्या यादीत ते कुठेच नसतात. जपानच्या दाइसुके ओहाताचे ६९ ट्राय, दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानापेक्षा २ जास्त, पुरुषांच्या कसोटीत जगात सर्वाधिक. त्यांचे गुण होतात ३४५.

दुसऱ्या हाफमध्ये सामोआ १७-११ नं पुढे. इंग्लंडला पेनल्टी मिळाली, गोलपोस्टच्या जवळपास समोरच. मला फॅरेलची सवय पाठ होती: चेंडू टीवर (किकसाठीच्या छोट्या स्टँडवर) ठेवायचा, मागे यायचं, मग नजर पोस्टकडे, चेंडूकडे, पुन्हा पोस्टकडे. माझं बोट तोवर 'यशस्वी' वर जाऊन बसलेलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात शॉट क्लॉक, किकची वेळ मोजणारं घड्याळ, पळत होतं. पेनल्टीला तेव्हा ६० सेकंद मिळायचे. ते संपले, रेफरीनं शिट्टी मारली आणि स्क्रम (दोन्ही संघ एकमेकांना भिडून खेळ पुन्हा सुरू करतात तो) दिला सामोआला.

मी घाईघाईत 'मिस' दाबलं. दुसरं काय दाबणार? यादीत चारच पर्याय: यशस्वी, मिस, पोस्टला लागली, अडवली.

ताई खुर्ची ओढून शेजारी आली.

"गेली का रे?"

"नाही."

"चुकली?"

"चुकली असंही नाही. वेळ संपली."

"मग मिस का लिहिलंस? त्याची टक्केवारी पाडतोयस तू."

तिचं बरोबर होतं. पण नोंद पुसली तर पेनल्टी आणि स्क्रम यांच्यामधला एक मिनिट कुठे गेला, हे कोणाला कळणार? शेवटी आम्ही किक काढून टाकली आणि शेऱ्यात लिहिलं: 'वेळ संपल्यामुळे किक रद्द'. एवढं होईस्तोवर मी दोन टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) नोंदवण्यात मागे पडलो होतो.

शेवटची सातेक मिनिटं उरली असताना इंग्लंडच्या डॅनी केअरनं ट्राय केला, १७-१६. आता कन्व्हर्जन. माझं लक्ष फॅरेलकडे नव्हतंच, घड्याळाकडे होतं. या वेळी त्यानं वेळेत मारली. दोन गुण, १८-१७, आणि स्कोअर शेवटपर्यंत तिथेच राहिला.

पलीकडे एव्हाना श्रीलंका ३२६ वर गुंडाळली गेली होती. एकानं जॅकेट चढवत विचारलं, "तुमचं काय झालं?"

"एका गुणानं जिंकले," मी म्हटलं, आणि ते दोन टॅकल भरायला बसलो.