स्विमिंग पूल ऑटोमेशन अपडेट: पंप, व्हीएफडी आणि इंटरलॉक झाले, डोसिंग बाकी

मुळशीच्या बाजूला आमचा फार्म आहे, तिथल्या पूलचं काम आता बरंच पुढे आलंय. ज्यांचं असंच काही चाललंय किंवा मनात आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, जरा लांबेल.

आधी पूलची माहिती. ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.३ मीटर, म्हणजे साधारण ४१,६०० लिटर पाणी. स्किमर टाइप (काठावरच्या तोंडातून वरचं पाणी आणि पानं ओढली जातात), ओव्हरफ्लोचं पाणी साठवणारा बॅलन्सिंग टँक नाही. ६०० एमएमचा सँड फिल्टर, त्यावर सहा पोझिशनचा मल्टिपोर्ट (पाण्याचा मार्ग बदलणारा व्हॉल्व्ह), दीड एचपीचा पंप आणि सॉल्ट क्लोरिनेटर, म्हणजे मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारा सेल. पाणी बोअरचं, चांगलंच जड. इतके दिवस साध्या टायमरवर पंप रोज सहा तास फुल स्पीडला चालायचा, बस.

सुरुवात पंपापासून केली आणि मला कोणी विचारलं तर मी सांगेन की बाकी सगळं राहू दे, हे आधी करा. जुनी मोटर सिंगल फेज कपॅसिटरवाली होती, ती व्हीएफडीवर (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) चालत नाही, त्यामुळे थ्री फेज मोटरचा पंप घेतला. फार्मवर थ्री फेज कनेक्शन नाही पण त्याने अडत नाही, २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी मिळतो, फक्त तो बाहेरही २३०च देतो म्हणून मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या स्टारच्या डेल्टा (थ्री फेज जोडणीचे दोन प्रकार) कराव्या लागतात. नेमप्लेटवर २३० डेल्टा लिहिलंय का ते बघूनच मोटर घ्या.

फायदा कुठून येतो तर स्पीड कमी केला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं पण पॉवर घनाच्या हिशोबाने कमी होते. ५० ऐवजी ३० हर्ट्झ म्हणजे ६० टक्के स्पीड, पाणी ६० टक्के, पॉवर कागदावर २२ टक्क्यांच्या आसपास. प्रत्यक्षात मोटर आणि ड्राइव्हचे लॉसेस धरून तेवढं मिळत नाही, आमच्याकडे मीटरवर १.४ किलोवॅटचं ३८० वॅट झालंय. आता सकाळी एक तास ५० हर्ट्झ, कारण स्किमरला पानं ओढायला जोर लागतो, आणि मग आठ तास ३० हर्ट्झ. दिवसाला फिरणारं पाणी जवळपास पूर्वीइतकंच, युनिट मात्र साडेआठवरून साडेचारवर आले. शिवाय वाळूतून पाणी सावकाश जातं त्यामुळे गाळही जास्त धरला जातो, पाण्याची चमक बघून लगेच कळतं. बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं) मात्र ५० हर्ट्झलाच, नाहीतर वाळूचा थर उचलला जात नाही आणि आतली घाण आतच राहते.

एक गोष्ट जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. फिल्टरवर प्रेशर सेन्सर लावला आणि अमुक दाब झाला की बॅकवॉशचा मेसेज, असं साधं ठेवलं तर व्हीएफडीबरोबर ते चालत नाही, कारण दाब स्पीडच्या वर्गाने बदलतो. स्वच्छ फिल्टरला ५० हर्ट्झवर ०.९ बार दिसतो तोच ३० हर्ट्झवर ०.३२ च्या आसपास येतो. म्हणून रीडिंग फक्त सकाळच्या ५० हर्ट्झच्या तासातलंच धरायचं आणि स्वच्छ दाबापेक्षा अर्धा बार वर गेला की मेसेज, असं केलंय.

कंट्रोलचा मेंदू म्हणजे ईएसपी ३२ हा छोटा वायफायवाला कंट्रोलर, त्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर, आणि घरात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर. व्हीएफडीशी बोलणं आरएस ४८५ वायरवर मॉडबस प्रोटोकॉलने. पाण्याच्या तापमानाला डीएस १८बी२० सेन्सर.

आता इंटरलॉक, हा माझा सगळ्यात आग्रहाचा विषय. मोबाईलवरून पूल चालू करता येतो याचं सगळ्यांना कौतुक, पण ऑटोमेशनचं खरं काम नको तेव्हा काहीही चालू न होऊ देणं हे आहे. सॉल्ट सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनही तयार होतो, पाणी वाहत असेल तर तो निघून जातो, पाणी थांबलं आणि सेल चालूच राहिला तर तोच गॅस बंद पाईपात साठतो. हे धोक्याचं आहे, गंमत नाही. म्हणून पाणी वाहतंय का ते ओळखणारा पॅडलवाला फ्लो स्विच पाईपच्या सरळ भागात बसवून तो क्लोरिनेटरच्या कॉन्टॅक्टरच्या (विजेवर चालणारा मोठा स्विच) कॉइलमध्ये सीरिजला वायर केलाय. सॉफ्टवेअरमध्ये नाही, वायरमध्ये. ईएसपी हँग होऊ दे, वायफाय जाऊ दे, पाणी वाहत नसेल तर सेलला करंट जाणारच नाही. सॉफ्टवेअरमध्ये फक्त एक जास्तीची अट आहे, पंप चालू होऊन दीड मिनिटात फ्लो आला नाही तर पंप बंद, कारण कोरडा चालला की मेकॅनिकल सील गेलंच. आणि हो, ३० एमएची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, पाण्यातले लाइट १२ व्होल्टवर, यात तडजोड नको.

फार्म सांभाळणाऱ्या काकांनी एक प्रश्न विचारला, "दादा, तुम्ही पुण्यात आणि इथं रेंज नाही, मग पंप बंद करायचा तर मी काय करायचं?" एकदम बरोबर प्रश्न. त्यानंतर पॅनेलच्या दारावर तीन पोझिशनचा सिलेक्टर बसवला, ऑटो, बंद, मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये ईएसपी पूर्ण बाजूला, पण फ्लो स्विचचा इंटरलॉक तेव्हाही लागू. शेजारी त्यांच्यासाठी मराठीत लेबलं लावली. काकांना आता बॅकवॉश, मग रिन्स, मग फिल्टर, सगळं पाठ आहे, आणि मल्टिपोर्टचं हँडल फिरवायच्या आधी पंप बंद करायचाच हे ते मलाच आठवण करून देतात.

पीएच (पाणी किती आम्ल ते) मोजणाऱ्या प्रोबने बराच वेळ खाल्ला. एका पीएचला जेमतेम ५९ मिलिव्होल्ट, एवढासा सिग्नल, आणि शेजारी व्हीएफडीचा गोंगाट. पंप बंद असताना ७.४, चालू केला की आकडा ७.९ पासून ७ पर्यंत नाचायचा. मोटरची केबल शील्डवाली घेतली, शील्ड दोन्ही बाजूंनी अर्थ केलं, फरक पडला पण पुरेसा नाही. खरा फरक पडला तो प्रोबचं बोर्ड गॅल्व्हॅनिक आयसोलेशनवालं (बाकी सर्किटशी थेट विजेची जोडणी नसलेलं) घेतल्यावर, कारण पाण्यातूनच ग्राउंड लूप (अर्थमधून नको तो करंट फिरणं) होत होता. आता रीडिंग स्थिर आहे, टेस्ट किटशी जुळतंय.

लाइटचं म्हणाल तर पुणे भागात गुरुवार महावितरणच्या मेंटेनन्सचा, त्यामुळे लाइट आली की पंप लगेच सुरू होत नाही, पाच मिनिटं थांबतो, आणि बुडालेले तास संध्याकाळी भरून काढतो.

पुढचं काम अ‍ॅसिड डोसिंगचं. सॉल्ट क्लोरिनेटर असला की पीएच वर सरकत राहतो, तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायला पेरिस्टाल्टिक पंपाने थोडं थोडं हायड्रोक्लोरिक द्यायचं, अर्थात त्याच फ्लो स्विचच्या मागे आणि दिवसाच्या कमाल मात्रेची मर्यादा घालून. अ‍ॅसिडचा कॅन पंपरूमच्या बाहेर हवेशीर जागी ठेवणार आहे, त्याच्या वाफा कॉन्टॅक्टर आणि तांब्याच्या वायरी खाऊन टाकतात.

पावसाळ्याचाही विचार चालू आहे. मुळशीच्या पावसात पूल ओव्हरफ्लो होतो आणि मीठ वाहून जातं. या पूलला ५०० पीपीएम वाढवायचं म्हणजे जवळपास २१ किलो मीठ लागतं, त्यामुळे सतत भरत बसण्यापेक्षा पावसाळाभर सेल बंद ठेवून साध्या हायपोक्लोराइटवर जावं असं वाटतंय. तेव्हा ते आणि अ‍ॅसिड वेगळ्या खोल्यांत ठेवणार, एकत्र आले तर सरळ क्लोरीन गॅस होतो.

ओआरपी प्रोब (पाण्यातल्या क्लोरीनची ताकद मिलिव्होल्टमध्ये दाखवणारा) घ्यावा का यावर अजून अडलोय. पाण्यात स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक अ‍ॅसिड) आहे आणि त्याने ओआरपीचा आकडा खाली येतो, मग ६५० मिलिव्होल्टचा नेहमीचा सेट पॉइंट आमच्या पाण्याला लावला तर सेल गरजेपेक्षा जास्त चालत राहील अशी शंका आहे. कोणी स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात ओआरपीवर कंट्रोल चालवत असेल तर सेट पॉइंट किती ठेवलाय आणि स्टॅबिलायझर किती पीपीएम आहे ते दोन्ही सांगा.