कॉलर माईक, फँटम पॉवर आणि मी घातलेला गोंधळ

आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला मे महिन्यात असते आणि तिचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकायचं काम माझ्याकडे आलंय, कारण एका मीटिंगमध्ये मी "आवाज नीट येत नाही" असं बोलून बसलो होतो. बोलेल त्याच्या गळ्यात घंटा.

पोडियमवर माईक असतोच, पण आमचे एक सर आहेत ते एका जागी थांबतच नाहीत. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत बोलतात. त्यांच्यासाठी कॉलर माईक आणला, छोटा बटण सेल घालायचा असतो तो. पहिल्या दिवशी झकास. दुसऱ्या दिवशी बाविसाव्या मिनिटाला सेल संपला आणि मला कळलंच नाही, कारण हॉलमधल्या लोकांना पोडियमच्या माईकवरून ऐकू येत होतं आणि मी हेडफोन गळ्यात अडकवून चहा पीत होतो. घरी येऊन बघतो तर पुढचा पाऊण तास नुसती शांतता.

मग ठरवलं की सेलची भानगडच नको. साउंडवाल्याच्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं, म्हणजे माईकच्या केबलमधूनच त्याला वीज पाठवणारं बटण आहे, त्यावरच माईक चालवू. बिनसेलचा, कॅमेऱ्याला लावतात तसला कॉलर माईक घेतला आणि त्याची बारीक पिन एक्सएलआरमध्ये (मिक्सरच्या माईक-केबलचा तो तीन पिनांचा जाड जोड) बसवणारा दीडशे रुपयांचा अडॅप्टर मागवला. पिन मस्त बसली. बटण दाबलं. स्पीकरमधून "ठप्प" असा आवाज आला आणि माईक गेला तो गेलाच. साउंडवाला म्हणाला, "भाऊ, फँटम म्हणजे भूत, धरलं त्याला." मला काही हसू आलं नाही.

चूक माझीच होती, पण ती नीट समजायला दोन रात्री गेल्या. कॉलर माईकच्या टोकाला जो मण्याएवढा कॅप्सूल असतो तो इलेक्ट्रेट, म्हणजे चालायला थोडी वीज लागणारा प्रकार, आत एक चिमुकला ट्रान्झिस्टर. त्याला तीन ते पाच व्होल्ट पुरतात, बहुतेकांची मर्यादा दहाच्या आसपास. आणि तो करंट ओढतो जेमतेम अर्धा मिलिअँपिअर. मिक्सरमध्ये ४८ व्होल्टच्या पुढे ६.८ किलोओहमचा रेझिस्टर (करंट अडवणारा) असतो, मला वाटलं तो सांभाळून घेईल, पण अर्ध्या मिलिअँपिअरला त्यावर पडतात साडेतीन व्होल्टसुद्धा नाही. म्हणजे उरलेले चव्वेचाळीस सरळ त्या बिचाऱ्या मण्यावर. स्वस्त अडॅप्टरमध्ये काहीच नसतं हो, नुसती तार इकडची तिकडे जोडलेली, फक्त आकार बदलतो.

गावातले टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी एक्सएलआरला मल्टिमीटर लावून दाखवलं, पिन एक आणि दोनमध्ये ४८ च्या जवळपास, एक आणि तीनमध्येही तेवढेच, आणि दोन-तीनमध्ये शून्य. म्हणजे दोन्ही सिग्नलच्या तारांवर सारखाच दाब, म्हणून साध्या डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणाऱ्या) माईकच्या कॉइलला काही पत्ताच लागत नाही आणि म्हणूनच त्याचं नाव भूत. ४८ हा आकडा कुठून आला तेही मजेशीर आहे, १९६६ साली नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओला असे माईक द्यायचे ठरवले तेव्हा त्यांच्या स्टुडिओत इमर्जन्सी दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच वापरली, आणि आज आपण वाचनालयाच्या हॉलमध्ये तेच बटण दाबतोय.

काका म्हणाले, बाजारात तयार कन्व्हर्टर मिळतो, रोड (Røde) कंपनीचा व्हीएक्सएलआर प्लस, १२ ते ४८ व्होल्ट घेऊन माईकला ३ ते ५ देतो. पण नावात "प्लस" आहे का ते बघून घ्यायचा, बिनप्लसवाला नुसता पिन बदलतो, व्होल्टेज उतरवत नाही. मला मात्र करून बघायची खाज. पुण्याला काम होतं तेव्हा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन सामान आणलं, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, ५.१ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा डायोड), कपॅसिटर (स्थिर व्होल्टेज अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा) आणि सुटे कॅप्सूल मूठभर. पिन दोन आणि तीनमधून सारख्याच रेझिस्टरनी करंट घ्यायचा, झेनरवर पाच व्होल्ट धरायचे, तिथून २.२ किलोओहममधून कॅप्सूलला द्यायचे आणि आवाज कपॅसिटरमधून पिन दोनवर परत. पिन तीनवरूनही तेवढाच कपॅसिटर-रेझिस्टर ग्राउंडला, म्हणजे पिन एकला, म्हणजे दोन्ही बाजू समतोल राहतात. कपॅसिटर ६३ व्होल्टचा घ्यायचा, २५ चा नाही.

पहिल्यांदा लावला तर आवाज आला पण सोबत तव्यावर मोहरी तडतडावी तशी करकर. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, एक नजर टाकली आणि म्हणाले, "अरे, पट्टा असलेली बाजू मायनस असतीय, शाळेत काय करत होतास?" कपॅसिटर उलटा! प्लस बाजू पिन दोनकडे पाहिजे होती. नवा लावला, डाख दिला, करकर बंद. कॅप्सूलवर मोजले तर चार व्होल्ट आणि वर थोडे, पिन दोनवर तीसएक. त्या मल्टिमीटरचा मी फोटो काढून ठेवलाय.

एवढं करून नवा कॉलर माईक लावला तर शुकशुकाट. हे दुसरंच निघालं. पिनेवर काळ्या रिंगा तीन होत्या, म्हणजे मोबाईलवाला माईक, त्यात आवाज पिनेच्या बुडाशी असतो, कॅमेऱ्यावाल्यात दोन रिंगा आणि आवाज टोकाला. मधे एक छोटा अडॅप्टर घातला तेव्हा बोलला एकदाचा. माईक घेताना आधी रिंगा मोजा, बाकी सगळं नंतर.

हे सगळं सर्किट बसवलेली डबी ठेवली सरांच्या कमरेच्या पट्ट्याला आणि तिथून मिक्सरपर्यंत वीस मीटर एक्सएलआर केबल. आधी मी माईकचीच बारीक वायर एक्स्टेन्शनने लांबवायचो तेव्हा पंख्याच्या रेग्युलेटरची घूं आणि कुणाचा मोबाईल आला की टर्र-टर्र सगळं यायचं, आता घूं गेली. वायर पायात येते म्हणून सर कुरकुरतात, फेऱ्या थोड्या आखूड झाल्यात. हॉलच्या स्पीकरला हा माईक देत नाही, चहूकडून ऐकणारा असल्यामुळे लगेच शिट्टी मारतो, फक्त रेकॉर्डिंगला.

आमच्या मिक्सरवर फँटमचं बटण सगळ्या चॅनलना एकच आहे, त्यामुळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खाली घेऊन मगच दाबतो, वर अर्धा मिनिट थांबतो. तेवढ्यात सर दरवेळी माईकवर टिचकी मारून विचारतात, "चालू झाला का रे?" आणि मी हेडफोन कानावर ठेवूनच हात वर करतो.