डिस्प्लेवरचा टक्का आणि पॅकमधली वीज

पेट्रोलच्या टाकीत फ्लोट असतो. पेट्रोल उतरलं की तोही उतरतो आणि काटा खाली येतो. बॅटरीच्या डब्यात असं उतरणारं काही नसतं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या डिस्प्लेवर आणि ॲपमध्ये दिसणारा टक्का हा बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, बांधलेला अंदाज असतो. त्याखाली जे 'अजून इतके किलोमीटर' लिहिलेलं असतं, तो तर अंदाजावरचा अंदाज. हे एकदा लक्षात आलं की १८ टक्क्यांवर गाडीचा जोर का गेला, काल ६२ किलोमीटर दाखवणारी गाडी आज ५० का दाखवते, अशा बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो.

बीएमएसकडे अंदाज बांधायला दोन साधनं असतात. एक म्हणजे जमाखर्चाची वही: किती करंट आत गेला, किती बाहेर पडला. दुसरं व्होल्टेज: गाडी तास-दोन तास उभी राहिली की सेलचं व्होल्टेज स्थिरावतं आणि त्यावरून सेल किती भरलाय ते ओळखता येतं. वहीची अडचण अशी की करंट मोजणारा सेन्सर ०.१ अँपिअरने चुकला तरी २४ तासांत २.४ अँपिअर-अवरचा घोळ होतो (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). ६० अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये ते ४ टक्के झाले. चूक रोज साठत जाते, म्हणून मधूनमधून व्होल्टेज बघून वही दुरुस्त करावी लागते.

आणि इथेच बॅटरीची जात महत्त्वाची ठरते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल २० टक्क्यांवर साधारण ३.५ व्होल्ट आणि ८० टक्क्यांवर साधारण ४ व्होल्ट दाखवतो. अर्ध्या व्होल्टचा फरक, ओळखायला सोपा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज त्याच टप्प्यात जेमतेम ०.१ व्होल्टने हलतं. म्हणजे मधल्या पट्ट्यात व्होल्टेज बघून बीएमएसला जवळपास काहीच कळत नाही. एलएफपी बॅटरी कायम ३० ते ७०च्या मध्ये वापरली तर टक्का हळूहळू वाहवत जातो आणि एक दिवस २५वरून एकदम ८वर येतो. त्यात बॅटरी बिघडलेली नसते, फक्त वही चुकलेली असते. आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज केलं की वरच्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतं, तिथे बीएमएसला खूण सापडते आणि वही जुळते. एनएमसीला एवढं वारंवार करावं लागत नाही. ती रोज ८०-९०पर्यंत भरावी, लांब जायचं असेल त्या दिवशी पूर्ण. आपल्या गाडीत कुठला सेल आहे हे मॅन्युअलमध्ये नाहीतर पॅकच्या लेबलवर लिहिलेलं असतं. चार्जिंगच्या सवयी शेजाऱ्याचं बघून लावू नयेत, त्याची बॅटरी वेगळ्या जातीची असू शकते.

कमी टक्क्यांवर गाडी ढेपाळते त्याचं कारण थोडं जवळून बघू. समजा पॅकमध्ये एनएमसीचे १४ सेल ओळीने जोडलेत. १५ टक्क्यांवर उभ्या गाडीत प्रत्येक सेल ३.४५ व्होल्टवर, म्हणजे पॅक ४८ व्होल्टच्या आसपास. चढ आला, थ्रॉटल पूर्ण पिळला आणि मोटरने ६० अँपिअर खेचले. पॅकचा आतला रोध ८० मिलीओहम धरला तर ६० गुणिले ०.०८, म्हणजे ४.८ व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडले. पॅक ४३.५च्या घरात येतो, सेलमागे ३.१ व्होल्ट. १४मधला एखादा सेल थकलेला असेल तर तो एकटा २.८च्या खाली जातो, आणि बीएमएस पूर्ण पॅककडे बघत नाही, सर्वांत कमजोर सेलकडे बघते. ती जोर कमी करते किंवा सप्लाय तोडते. दोन मिनिटं थांबलं की व्होल्टेज परत वर येतं आणि गाडी पुन्हा चालते. थंडीत आतला रोध वाढतो, म्हणून हे आणखी लवकर होतं. जुना फोन थंड हवेत १५ टक्क्यांवर बंद पडतो, चार्जरला लावला की लगेच १४ टक्के दाखवतो, तो हाच प्रकार. यावर उपाय एकच: २० टक्क्यांखाली थ्रॉटल हळू द्यायचा, म्हणजे करंट कमी जातो आणि व्होल्टेज फारसं पडत नाही.

सेलमधली तफावत मिटवायचं काम बॅलन्सिंग करतं, आणि त्याला वेळ लागतो. बहुतेक पॅकमध्ये वर गेलेल्या सेलची जादा वीज एका रेझिस्टरमधून जाळून टाकतात, तीही ५०-१०० मिलीअँपिअरने. ६० अँपिअर-अवरमध्ये २ टक्क्यांची तफावत म्हणजे १.२ अँपिअर-अवर. १०० मिलीअँपिअरने ती मिटायला १२ तास हवेत. बॅलन्सिंग बहुधा बॅटरी भरत आली की सुरू होतं. त्यामुळे १०० दिसल्या दिसल्या प्लग काढणाऱ्याची बॅटरी नीट बॅलन्स होतच नाही. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज झाल्यावरही चार्जर रात्रभर लावून ठेवावा. रोज तसं करायची गरज नाही. एनएमसी भरलेल्या अवस्थेत आणि उन्हात तासन्‌तास उभी राहिली की लवकर म्हातारी होते.

आता आपला स्वतःचा आकडा. त्यासाठी सॉकेट आणि चार्जरच्या मध्ये लावायचा छोटा वॉटमीटर लागतो, जो युनिट मोजतो (एक युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर). गाडी पूर्ण चार्ज करा, किलोमीटर लिहून ठेवा, रोजच्यासारखी ५० किलोमीटर चालवा, पुन्हा पूर्ण चार्ज करा. मीटरवर १.८ युनिट आले असं धरू. चार्जरमध्ये आणि चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते. १२ टक्के वजा केले की बॅटरीत गेले सुमारे १.६ युनिट. ५०ने भागले की किलोमीटरला ३२ वॉट-अवर. पॅक छापील ३ युनिटचा असेल तर थोडी वीज राखीव असते, वापरायला २.७ मिळतात असं धरा: २,७०० भागिले ३२, म्हणजे ८४ किलोमीटर. त्यातून पंधरा टक्के राखून ७० धरून चालावं. हे दोन-तीन वेळा करा. येणारा आकडा तुमच्या रस्त्याचा, तुमच्या वजनाचा आणि तुमच्या हाताचा असतो. कंपनीचा आकडा ठरलेल्या चाचणीतला, कमी वेगाचा असतो.

त्या ३२मध्ये सर्वांत मोठा वाटा वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. चालक धरून १८० किलोची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४५ने गेली तर हिशोबाने किलोमीटरला २७ वॉट-अवरच्या आसपास लागतात, ताशी ६०ने गेली तर ४२च्या आसपास. पंधराचा वेग वाढला आणि रेंज तिसऱ्या हिश्श्याने उडाली. इको मोडमध्ये जादू कसलीच नसते, तो मुख्यतः हा वेग अडवतो. चढाचं गणितही सोपं आहे: तीच गाडी १०० मीटर उंची चढली की बॅटरीतून ५५-६० वॉट-अवर जातात, म्हणजे सपाटीचे दोन किलोमीटर. उतरताना रीजनमधून, म्हणजे मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते त्यातून, त्यातला काही भागच परत येतो. एक गोष्ट मात्र चालवणाऱ्याला माहीत हवीच. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर रीजनची वीज घ्यायला जागा नसते, म्हणून बीएमएस रीजन बंद ठेवते. रोज थ्रॉटल सोडला की गाडी आपोआप मंदावायची, ती त्या दिवशी मोकळी सुटते. उंचावर राहत असाल आणि निघताच उतार असेल तर ९०वरच चार्जिंग थांबवा.

टायरची हवा पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, स्टिकरवर लिहिलीय तितकी भरावी. हवा कमी असली की रेंज गुपचूप खाली येते.

ॲपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. राइडचे रंगीत नकाशे आणि बॅज नकोत. किलोमीटरला किती वॉट-अवर, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजचा सेल, पॅकचं तापमान आणि १२ व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीचं व्होल्टेज, एवढे आकडे द्या. हे सगळे बीएमएसकडे आणि कंट्रोलरकडे असतातच, मालकापासून लपवायचं कारण नाही. आणि कुलूप फक्त इंटरनेटवरून उघडत असेल तर ते कुलूप अपुरं आहे. सर्व्हर बंद, मोबाइलला नेटवर्क नाही, फोन संपला, तिन्ही वेळा गाडी सुरू झाली पाहिजे. नेटवर्क नसेल तर ब्लूटूथ, फोन संपला तर कार्ड किंवा साधी किल्ली हवी. गाडी घेण्याआधी स्वतः करून बघा: फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि गाडी चालू होते का पहा.

काही गाड्यांत वेगळी असलेली ही १२ व्होल्टची बॅटरी बरेच जण विसरतात. ती उतरली की मुख्य पॅक ८० टक्के भरलेला असतानाही गाडी मेल्यासारखी पडून राहते, कारण डिस्प्ले, कुलूप आणि पॅक जोडणारा काँटॅक्टर या छोट्या बॅटरीवर जागे होतात. गाडी पार्क असतानाही जीपीएस आणि सिम थोडी थोडी वीज ओढतात. महिनाभर गाडी ठेवून जायचं असेल तर पॅक ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सावलीत उभी करा, आणि मॅन्युअलमध्ये स्टोरेज मोड असेल तर तो लावा. शून्यावर ठेवून जाऊ नका. सेल फार खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि असा सेल परत चार्ज करणं धोक्याचं असतं.

चार्जिंगबाबत दोनच गोष्टी. बहुतेक सेलना चार्ज व्हायला ० ते ४५ अंशांचा पट्टा चालतो, म्हणून उन्हातून आल्या आल्या प्लग न लावता अर्धा तास थांबा. दुसरं सॉकेट. ७५० वॉटचा चार्जर २३० व्होल्टवर ३.३ अँपिअर घेतो. आकडा लहान, पण तो सलग चार-पाच तास वाहतो, आणि ढिल्या पिनेला एवढ्यानेही तापवतो. अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लग हातात घ्या. कोमट चालेल, धरवत नसेल किंवा पिनेजवळ तपकिरी डाग असेल तर सॉकेट बदला. एक्स्टेंशन टाळा, वापरावीच लागली तर वेटोळं पूर्ण उलगडा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर चार्जर लावू नये.

जुनी गाडी विकत घेताना ॲपमधल्या 'बॅटरी हेल्थ'वर सौदा करू नका, वॉटमीटर घेऊन जा. गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवा, तिथून १००पर्यंत चार्ज करा. २.३ युनिट गेले तर त्याचे ८८ टक्के म्हणजे २.०२. हे ९० टक्क्यांचे झाले, म्हणून ०.९ने भागा: २.२५. नव्या पॅकमध्ये वापरायला २.७ मिळत असतील तर ही बॅटरी ८३ टक्क्यांवर आहे. मग ३० टक्के उरले असताना चढावर पूर्ण थ्रॉटल द्या. टक्का एकदम पाच-सातने घसरला तर आत एखादा सेल थकलाय, मग मीटर काहीही सांगो.