काकूंनी निवडलेला हेकरू

दुभाष्याच्या कामात एक नियम पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावा लागतो. समोरचा जे बोलला ते सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि कुणाला बरं वाटावं म्हणून काही गाळायचं नाही. हाँगकाँगच्या रुग्णालयांत आणि कोर्टांत हिंदी आणि कँटोनीजच्या मधे बसून हेच काम मी करते. तिथे नियम पाळणं तसं सोपं असतं. डॉक्टरचे प्रश्न ठरलेले, मॅजिस्ट्रेटसमोर तर कुणी मनातलं बोलायलाच आलेलं नसतं. ले यू मुनच्या किनाऱ्यावर त्या संध्याकाळी दोन घरांच्या मधे बसले, तेव्हा या नियमाचं खरं वजन कळलं.

मुलगा वेंगुर्ल्याचा, इथल्या एका बँकेत संगणकाचं काम करणारा. मुलगी इथलीच, कोळ्यांच्या घरातली. दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, पण त्याच्या आईवडिलांना कँटोनीज येणं शक्य नव्हतं आणि तिच्या घरी इंग्रजी जेमतेम. लग्नाची पहिली बोलणी जेवताना करायची ठरली. मुलगा मला म्हणाला, "मधे मी बोललो तर दोन्हीकडचे म्हणतील, यानं आपल्या सोयीचं तेवढं सांगितलं. म्हणून तुम्ही हव्यात." हे कारण मला फार पटलं. शिवाय मराठीतून काम करायला मिळणं माझ्या वाट्याला क्वचितच येतं.

जागा मुलीच्या आजोबांनी निवडली होती. व्हिक्टोरिया बंदराच्या पूर्वेच्या तोंडाशी, जिथे काउलूनची बाजू आणि हाँगकाँग बेट सगळ्यांत जवळ येतात, तिथे ले यू मुनचं जुनं गाव आहे. याऊ तोंग स्टेशनावरून चालत जाता येतं किंवा पलीकडच्या साय वान होहून छोट्या बोटीनं साम का च्युनच्या धक्क्यावर उतरता येतं. आम्ही बोटीनं गेलो. गावात शिरलं की एक अरुंद गल्ली लागते आणि तिच्या दोन्ही अंगांना काचेच्या टाक्या. इथली रीत अशी, की मासा टाकीवाल्याकडून जिवंत विकत घ्यायचा आणि शेजारच्या हॉटेलात शिजवायला द्यायचा. माशाचे पैसे वेगळे, शिजवण्याचे वेगळे. वजन कॅटीवर. हाँगकाँगची कॅटी साधारण ६०५ ग्रॅमची, चीनमधली सरळ अर्ध्या किलोची. नव्या माणसानं दोन गोष्टी पाण्यातून मासा बाहेर काढायच्या आधीच विचारून घ्याव्यात: भाव कॅटीचा की नगाचा, आणि शिजवायचे किती. मासा एकदा आत गेला की घासाघीस संपते.

काकू, म्हणजे मुलाची आई, गल्लीत शिरल्या आणि पहिल्याच टाकीपाशी थांबल्या. डिसेंबरचा गार वारा होता. पैठणीवर शाल घेतलेली, हातात स्टीलचा छोटा डबा. मुलीच्या आईनं नम्रपणे सुचवलं की आपण आत बसू, आजोबा मासे घेऊन येतील. मी ते सांगितलं. काकूंचं लक्षच नव्हतं.

"ह्यांका इचार, मासो खयचो?"

मी विचारलं. टाकीवाल्यानं बोट दाखवत सांगितलं, हा पाळलेला, हा इंडोनेशियाहून आलेला, तो कोपऱ्यातला इथल्याच समुद्रातला. काकूंनी मान डोलावली आणि मग जे बघायला लागल्या ते मी शब्दाशब्दानं सांगत राहिले, कारण आजोबा माझ्या खांद्यापाशी येऊन उभे होते. घरी बाजारात त्या कल्ले उघडून लाली बघतात, अंगठ्यानं दाबून मांस परत वर येतं का बघतात. इथे सगळंच जिवंत, मग काय बघायचं? त्या म्हणाल्या, जो वर येऊन तोंड उघडतोय तो नको. ज्याचं डोकं मोठं आणि पाठ बसलेली दिसते तो टाकीत उपाशी राहिलाय, तोही नको. नाक घासलेला नको, परांच्या कडा फाटलेला नको. मग तळाशी एका दगडाला टेकून, कल्ले सावकाश हलवत बसलेल्या एका हेकरूकडे, म्हणजे ग्रूपर माशाकडे, त्यांनी बोट केलं. मध्यम आकाराचा, जाड पाठीचा.

आजोबांनी टाकीवाल्याला फक्त एवढंच म्हटलं, "तोच." मग माझ्याकडे वळून, "त्यांना सांग, मीही तोच धरला होता मनात." जाळी आत गेली, मासा लाल भोकाच्या टोपलीत आला. आजोबांनी टोपली दोनदा झटकायला लावली, पाणी गळलं, मग काट्यावर ठेवू दिली. काकूंनी हे बारकाईनं पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, माणूस धंद्यातला आहे.

पुढची अर्धी गल्ली दोघांनी मिळून घेतली. प्लास्टिकच्या नळ्यांत एकेकटे कोंडलेले लांबोडके, नांगीसारखे पाय असलेले कोळंबीवजा प्राणी दिसले तेव्हा काकू थबकल्या. एकमेकांना मारतात म्हणून ते वेगळे ठेवतात आणि मीठ-मिरी-लसणात तळून हे इथलं महागाचं खाणं होतं. "आमच्याकडे जाळ्यात हे आले की खतात जातात," काकू म्हणाल्या. भाव ऐकून त्यांनी परत विचारायला लावला. शेवंड बघितलं, शिंपल्या बघितल्या. कुर्ल्यांपाशी त्यांनी अमावास्या कधी झाली ते मोजलं, कारण कोकणात भरलेली कुर्ली अमावास्येच्या आसपासची मानतात. आजोबांनी कुर्लीचा पाय दाबून दाखवला. दोन्ही परीक्षांत ज्या पास झाल्या त्या घेतल्या.

वरच्या मजल्यावर गोल टेबल होतं, खिडकीबाहेर बंदराचं काळं पाणी आणि पलीकडे शाऊ के वानचे दिवे. चहा आला, मोठं भांडं आलं, मुलीच्या आईनं सगळ्यांच्या वाट्या, पेले, काड्या गरम चहानं विसळल्या. काका जरा बिचकले, मी सांगितलं की ही इथली रीत आहे, मुलीची आई हे पाहुण्यांसाठी स्वतः करते आहे. आणि मग, शिंपल्यांची पहिली बशी फिरत काकूंपुढे आली, तेव्हा त्या म्हणाल्या:

"माका नको. आज माझो गुरुवार असा."

मार्गशीर्षातला गुरुवार. मुलाच्या घरी संध्याकाळी कलश मांडून, महालक्ष्मीची कहाणी वाचून त्या आल्या होत्या. डब्यात नैवेद्याचं साखर-खोबरं होतं. मुलाचा चेहरा उतरला. त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी सांगितलं. मुलीच्या आईनं काड्या खाली ठेवल्या. तिचा आवाज वर चढला नाही, पण ती बोलली ते असं होतं: "मासा त्यांनीच निवडला. एवढ्या वेळ गल्लीत उभं राहून निवडला. आता म्हणतात खाणार नाही. आमच्याकडचं त्यांना चालत नाही का? तसं असेल तर आजच कळलेलं बरं."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कँटोनीज थोडं कळायला लागलं होतं. त्या नजरेत विनंती होती, की हे असंच्या असं सांगू नका. मला त्याची दया आली, पण मी सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. माझं आजही ठाम मत आहे की अशा वेळी दुभाष्यानं कडा घासून गुळगुळीत केल्या की दोन माणसं एकमेकांना उत्तर देत नाहीत, ती दुभाष्याला उत्तर देत राहतात. आणि पुढची वीस वर्षं दुभाषी त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहणार नसतो.

काकू रागावल्या नाहीत. थोडा वेळ घेतला आणि थेट मुलीच्या आईकडे बघत, मराठीतच, पण सावकाश बोलल्या. मासा मी घरच्यांसाठी घेते तसाच घेतला. माझ्या पानात नाही म्हणून दुसऱ्याच्या पानात वाईट का जाऊ देऊ? हे गुरुवार सासूनं माझ्याकडे दिले, ती गेल्यापासून एकही मोडला नाही. मुलाला बोलले असते तर त्यानं वार बदलायला लावला असता, आणि तुम्ही आपणहून ठरवलेला दिवस पहिल्याच खेपेला मी का मोडायचा? भात आणि भाजी मी तुमच्याबरोबर बसूनच जेवणार आहे.

हे मी सांगत असताना मुलीची आजी, जी तोपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती, पुढे वाकली. तिनं काकूंना विचारलं, "कांदा-लसूणही नाही ना?"

नाही, काकू म्हणाल्या.

"माझे महिन्यात दोन. पहिल्या तिथीला आणि पंधराव्या." आजी एवढं बोलून उठलीच. इथे खूप जुनी माणसं चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात आणि त्यात कांदा, लसूण, पात, काही चालत नाही. पण अशा हॉटेलात नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस पडतो, तो कालवांचा. रश्शात कोंबडीची पूड असते, तेल कधी डुकराच्या चरबीचं. आजी जिना उतरून थेट भटारखान्यात गेली आणि मला बोलावून घेतलं, काकूंना चालतं-न चालतं ते नीट विचारायला. कढई समोर दोनदा घासून घेतली, नवं तेल घालायला लावलं. आलं घालून परतलेली पालेभाजी, मशरूमबरोबर टोफू आणि पांढरा भात. आचारी घाईत होता, टेबलं भरलेली होती, तरी त्यानं चकार शब्द काढला नाही. आजीपुढे कुणी काढलाही नसता.

आम्ही वर आलो तेव्हा मुलीची आई काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली होती. काकूंनी डबा उघडून साखर-खोबरं सगळ्यांच्या हातावर ठेवलं.

मग हेकरू आला. वाफवलेला, अख्खा, वर आल्या-पातीच्या बारीक काड्या, त्यावर कडकडीत तेल आणि गोडसर सोयासॉस. मासा जास्त वेळ वाफेत ठेवत नाहीत, काट्यालगतचं मांस जेमतेम सुटेल एवढंच शिजवतात. काकू वाकून बघत होत्या. हळद नाही, आगळ नाही, तिखट नाही. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, ताज्या माशाला एवढंच पुरे. बशीत माशाचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे करतात. वेटरनं ते काकांकडे केलं होतं. आजोबांनी बशी हातानं फिरवून ते काकूंकडे केलं, खाणार नाहीत हे ठाऊक असूनही.

वरची बाजू संपल्यावर काकांनी मासा उलटायला चमचा घातला, तसा आजोबांनी त्यांचा हात धरला. मासा उलटवला तर होडी उलटते, असं बोटीवरची माणसं मानतात. त्यांनी मधला काटा शेपटीपासून उचलून बाजूला काढला आणि खालचं मांस मोकळं केलं. काकूंनी मला विचारलं, यांची होडी होती का? इथून गप्पा सुरू झाल्या आणि मला जेवायला उसंत मिळेना.

आजोबांचा जन्म समोरच्या शाऊ के वानच्या खाडीतल्या बोटीवर. घर म्हणजे बोटच, जमिनीवर मोठेपणी राहायला आले. हाँगकाँगच्या पाण्यात ट्रॉलिंगवर, म्हणजे बोटीमागे जाळं ओढत करायच्या मासेमारीवर, ३१ डिसेंबर २०१२ पासून बंदी आली, तेव्हा त्यांनी ट्रॉलर सरकारला दिला. बंदी योग्य होती का, काकांनी विचारलं. आजोबा म्हणाले, योग्य होती, पण त्या रात्री मी झोपलो नाही. काकूंनी त्यांना वडिलांची रापण सांगितली: होडीनं समुद्रात अर्धवर्तुळ जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून गावानं मिळून ओढायची, ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. आता पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, बोटी बाहेरच मासा उचलतात, रापणीला काही उरत नाही. आजोबांनी टेबलावर काड्यांनी ते जाळं मांडून बघितलं, दोर कुठून धरतात ते विचारलं. मांगखुत वादळानं २०१८ च्या सप्टेंबरात या गल्लीत समुद्र शिरला होता, ते त्यांनी सांगितलं. काकूंनी नारळी पौर्णिमा सांगितली. आजीनं गावाच्या टोकाच्या तिन हाऊच्या देवळाबद्दल सांगितलं. ती समुद्रावरच्या माणसांची देवी, तिचा उत्सव चांद्रवर्षाच्या तिसऱ्या महिन्यात तेविसाव्या तिथीला.

बिलावरून थोडी ओढाताण झाली. मुलीच्या आईनं आधीच खाली पैसे भरून ठेवले होते, त्यामुळे ती लवकर मिटली.

तारखेचा विषय शेवटी निघाला. काकांच्या मनात मे महिना होता, सुट्ट्या आणि आंबे दोन्ही मिळतात म्हणून. पण मुलीकडचे बरेच जण अजून दक्षिण चिनी समुद्रात बोटींवर आहेत, एवढी माणसं महिन्याच्या मधे कशी सुटणार, अशी काकूंना काळजी होती. मी ती आजोबांना सांगितली.

ते हसले. "त्यांना सांग, १ मेला आमचा समुद्र मासेमारीला बंद होतो, १६ ऑगस्टपर्यंत. सगळे मोकळे असतात. त्यांचा कधी बंद होतो?"

"१ जूनला," काकू म्हणाल्या. "३१ जुलैपर्यंत."

आजोबांनी बोटांवर मोजलं. "मग मेमध्ये आमची माणसं घरी आणि तुमचा मासा बाजारात. मेच ठरवा. आणि त्यांना विचार, रापण ओढायला बाहेरच्या माणसाला हात लावू देतात का."