कोळसा संपला नव्हता

मी कोळसा खाणीत सर्वेअर, म्हणजे खालच्या कामाचं मोजमाप करून नकाशा काढणारा होतो असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "गावातली खदान बंद पडली, म्हणजे कोळसा संपला का हो?"

नाही. भूमिगत खाण बंद होते तेव्हा खाली बराच कोळसा शिल्लक असतो. आमच्याही होता.

आमच्याकडे काम बोर्ड अँड पिलर पद्धतीनं चालायचं. कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या, म्हणजे बोगदे काढायचे आणि छत तोलायला मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. हे काम पुरं होतं तेव्हा थरातला जेमतेम पाव ते एक तृतीयांश हिस्सा बाहेर आलेला असतो. बाकी सगळा पिलरमध्ये. मग टोकापासून मागे सरकत पिलर काढायचे, ते डीपिलरिंग. पिलर निघाला की छत बसतं आणि वरची जमीन खचते. वर शेत असेल तर भरपाई देऊन निभावतं. वर घरं, रेल्वे किंवा नाला असेल तर पिलरला हात लावता येत नाही. पोकळीत रेती भरत गेलं तर काढता येतात, पण ती रेती नदीतून आणायची, पाण्याच्या लोटाबरोबर खाली सोडायची, हा सगळा खर्च कोळशावर चढतो. म्हणून गावाखालचा कोळसा गावाखालीच राहिला.

त्यात अंतर वाढत जातं. खाण म्हातारी होते तसा फेस, म्हणजे कोळसा तोडायची जागा, खाणीच्या तोंडापासून लांब सरकतो. पाळी मात्र आठच तासांची. इन्क्लाइन, म्हणजे खाली जाणारी उतरती वाट, उतरून फेसवर पोचायचं, पाळी सुटायच्या आत परत निघायचं. हातात उरलेल्या वेळात कोळसा निघेल तेवढा. हवाही तितक्याच लांब खेळवावी लागते. आणि पाणी! पंप रात्रंदिवस चालतात. दिवसाला दहा टन निघो की हजार, पंपाचं वीजबिल कमी होत नाही.

१९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण पूर्ण झालं तेव्हा देशाचा बहुतेक कोळसा भूमिगत खाणींतून यायचा. आज नव्वद टक्क्यांहून जास्त खुल्या खाणींतून येतो. तिथल्या शॉव्हेल (खोदणारं मोठं यंत्र) आणि डंपरच्या भावाशी आमच्या टनाचा भाव जुळणं शक्यच नव्हतं. बंदची नोटीस लागायच्या कितीतरी आधी आम्हाला कळलं होतं: निवृत्त झालेल्यांच्या जागा भरेनात, बिघडलेल्या मशीनच्या जागी दुसऱ्या खाणीतली जुनी मशीन यायला लागली.

शेवटचं मोजमाप माझ्या वाट्याला आलं. छतात भोक पाडून लाकडी खुंटी ठोकलेली असते, खुंटीत खिळा, शेजारी रंगानं घातलेला नंबर. त्या खिळ्याला ओळंबा लावून एका नंबरावरून दुसऱ्यावर कोन आणि अंतर घेत जायचं. खालचे पंप आधीच काढायला घेतले होते, त्यामुळे मी शेवटच्या गॅलरीपासून सुरुवात केली आणि वर येत गेलो. बरोबरचा सिरदार, म्हणजे सुरक्षितता तपासणारा मुकादम, छत ठोकून आवाज ऐकायचा आणि मान हलवायचा, मगच मी पाऊल टाकायचो. प्रत्येक गॅलरी कुठे संपली, ते टोक मी दोनदा मोजलं.

दोनदा का, तर चासनाला. २७ डिसेंबर १९७५ रोजी झारखंडमधल्या (तेव्हाच्या बिहारमधल्या) या खाणीत जुन्या, पाण्यानं भरलेल्या कामातलं (सोडून दिलेल्या गॅलऱ्यांतलं) पाणी घुसलं आणि सुमारे ३७५ माणसं गेली. बंद खाण म्हणजे जमिनीखालचा तलाव असतो. उद्या शेजारी कुणी खोदायला लागला तर त्याला वाचवायला आमचा नकाशाच असतो. जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही असा नियम आहे, पण जुनं काम नक्की कुठवर आहे ते कागदावर चुकलं तर ते साठ मीटर काय कामाचे? खाण सोडताना नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जातो, आणि हे चांगलंच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्याची एक प्रत ग्रामपंचायतीतही लागली पाहिजे. आजही लोक माझ्याकडे सातबारा घेऊन येतात: इथे विहीर खणू का, इथे घर बांधू का? डीपिलरिंग झालेल्या भागावर मी घर बांधू देणार नाही. पिलर शाबूत असलेल्या भागावरही आधी गॅलरी किती खोल आहे ते विचारेन. पण मी तोंडी सांगणारा एक माणूस. ज्याच्या शेताखालून गॅलरी गेली आहे, त्याला ती कुठून गेली हे सही-शिक्क्याच्या कागदावर बघता आलं पाहिजे.