900 च्या पुढे

मुसळधार पावसाने हिंदमाताला पाणी भरलं, लोकल रखडल्या आणि आमच्या परळच्या शाळेत आठवीचा वर्ग निम्माच आला. विज्ञानाचे सर वाटेत अडकलेले, म्हणून त्यांचा तास माझ्या गळ्यात. धडा पुढे रेटण्यात अर्थ नव्हता. फळ्यावर तीन बाय तीनचा चौकोन आखला. 1 ते 9 अंक एकेकदाच भरायचे. प्रत्येक आडव्या ओळीचा गुणाकार, प्रत्येक उभ्या ओळीचा गुणाकार, आणि या सहांची बेरीज म्हणजे गुण. जास्तीत जास्त किती?

एकानं लगेच जादूचा चौकोन मांडला, सगळीकडे बेरीज 15 येणारा. गुण 450. मग 9 8 7, 6 5 4, 3 2 1 असं सरळ उतरवणारे निघाले. आडव्यांचे 630, उभ्यांचे 270, एकूण 900! आकडा इतका गोल की वह्या मिटल्या. ‘बाई, आडव्यात 630 च्या वर जाताच येत नाही,’ एकानं ठणकावलं. खरंच होतं ते. पण उभ्यांचं काय?

मी गप्प राहिले (हे मला अजून जड जातं). मागच्या बाकावर 4 आणि 3 ची अदलाबदल झाली. आडव्यांतले 28 गेले, उभ्यांत 47 आले. 919! मग काय, एरवी सातच्या पाढ्याला अडखळणारी पोरं 9 गुणिले 6 गुणिले 5 तोंडी करू लागली.

947 काढले ते कधी हात वर न करणाऱ्या एका मुलीनं. वरची 9 8 7 तशीच ठेवून उरलेले अंक तिनं दोन-दोन करून वरून खाली उतरवले: 9 खाली 6 5, 8 खाली 4 3, 7 खाली 2 1.

‘आडव्यात 63 सोडले बाई, उभ्यात 110 मिळाले.’

याहून जास्त नाहीच कशावरून? मांडण्या 3,62,880. ओळी आपापसात बदलल्या किंवा आडव्याचं उभं केलं तरी गुण तेच, म्हणजे एकच मांडणी 72 रूपांत येते. खऱ्या वेगळ्या उरतात 5040. मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या सरांनी छोटा प्रोग्रॅम चालवला. 947 च्या वर काही नाही.

‘सर, चार बाय चारचं?’ मघाच्या ठणकावणाऱ्यानं विचारलं. 16 अंकांच्या मांडण्या वीस लाख कोटींहून जास्त. सर म्हणाले, ‘त्याला असा सरसकट प्रोग्रॅम चालायचा नाही. आधी डोकं चालवू.’